शनिवारी फिरलेला घाणा

मी, हसाजी मुसाजी झिराडकर, वय अडुसष्ट, जमात बेने इस्राएल, धंदा तेलाची गिरणी, राहणार चिंचवड स्टेशनाहून चिखलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. लिहिताना मी शुद्धीवर आहे. कोणी माझा हात धरलेला नाही आणि धरायला घरात कोणी उरलेलेही नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्यामुळे ओळी तिरक्या जातील. पण डोके जागेवर आहे. ते जागेवर नसते तर बरे झाले असते, कारण मग एक शनिवार मी विसरून गेलो असतो. सन १९४९ साली केलेले माझे आधीचे मृत्युपत्र यापुढे रद्द समजावे. ते एका प्रामाणिक माणसाने केले होते आणि तो माणूस आता नाही.

कलम १. मी कोण, हे आधी सांगणे भाग आहे. माझे पुण्याचे वकील लक्ष्मणराव म्हणतात की मृत्युपत्रात चरित्र घालू नये, कलमे छोटी ठेवावीत. त्यांना कलमांची सवय आहे, मला माझी. कोणाला काय द्यायचे हे दोन ओळींत लिहिता येईल, पण का द्यायचे ते त्यावाचून कळणार नाही.

आम्ही यहुदी. अलिबागेकडे झिराड गावी आमच्या घराण्याचा तेलाचा घाणा होता. शुक्रवारचा सूर्य बुडाला की घाणा थांबे तो शनिवारचा सूर्य बुडेपर्यंत. देवाची तशी आज्ञा आहे. म्हणून कोकणात आमच्या लोकांना शनवारतेली म्हणत. म्हणणाऱ्यांना ते टोपणनाव वाटे, आम्हाला पदवी वाटे. आमचा बैलसुद्धा शनिवार ओळखायचा. त्या दिवशी चारा दाखवला तरी उठत नसे. वडील घाण्यावर बसून शास्त्रातल्या गोष्टी सांगत, आणि त्या बहुतेक आज्ञा मोडणाऱ्यांच्याच असत. रानात शनिवारी सरपण गोळा करणाऱ्याला साऱ्या छावणीने दगड मारले ती. लुटीतला मना केलेला झगा तंबूखाली पुरून ठेवणाऱ्या आखानाची. मी एकदा विचारले, “बाबा, झगा आखानाने पुरला, मग त्याला शिक्षा व्हायच्या आधी छत्तीस शिपाई लढाईत का मेले? त्यांनी तर तो बघितलासुद्धा नव्हता.” वडील चिडून म्हणाले, “तू मोडू नकोस म्हणजे झालं.”

पुढे खडकीच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षे फिटर होतो. नोकरी सोडल्यावर इथे जागा घेतली आणि वडिलांचा धंदा पुन्हा उभा केला. मोशी, चिखली, तळवड्याचे शेतकरी भुईमूग, करडई, तीळ घेऊन येऊ लागले. शनिवारी दार बंद असते हे त्यांना पहिल्या वर्षातच कळले. शनिवारी कोणी आलाच तर पोरेटोरे रस्त्यावरून ओरडत, “शनवारकाकाचा देव झोपलाय, उद्या या!” मला त्याचा राग येत नसे, उलट छाती फुगत असे.

कलम २. किरकोळ वस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी.

माझी फिटरची हत्यारे स्टेशनाजवळच्या सायकलवाल्या सयाजीला द्यावीत. त्यातला मोठा पाना शोधू नये, तो आधीपासून त्याच्याकडेच आहे.

पुण्याचा माझा चुलतभाऊ एलोजी याने सन १९४३ साली माझी शिडी नेली. ती मी त्याला माफ करतो. त्याने ती परत करू नये, कारण परत करायला आला की दोन दिवस राहतो.

चाकणचा ज्योतीराम, ज्याची गिरणी सातही दिवस चालते, त्याला माझी पितळी मापे द्यावीत. त्याची स्वतःची मापे खोटी आहेत असे मी वीस वर्षे म्हणत आलो आणि मरतानाही म्हणेन. देवाचे भय नसलेला माणूस म्हणून मी त्याला हसत आलो, तेवढे मात्र मागे घेतो. त्याच्या गिरणीत आजवर कोणाचे बोटही चिमटलेले नाही.

वडिलांची प्रार्थनेची शाल पुण्याच्या आमच्या सिनेगॉगला द्यावी. आमच्यात माणसाला त्याच्या शालीत गुंडाळून पुरतात. मला त्या शालीत गुंडाळू नये. कारण कलम ३ मध्ये आहे, आणि ते वाचल्यावर कोणी आग्रह करणार नाही.

कलम ३. गिरणीची व्यवस्था सांगण्याआधी गिरणीत काय घडले ते सांगतो. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले आहे.

मोशीचा भैरू माझ्याकडे सन १९३९ पासून कामाला होता. आला तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा असेल. अंगाने काटक, बोलायला फटकळ, कामाला वाघ. वीज आल्यावर मी घाण्याला मोटर बसवली. खटका इकडे माझ्या खोलीत, घाणा भिंतीपलीकडे. एकमेकांना आम्ही दिसत नसू. म्हणून नेम असा होता, की खटका दाबायच्या आधी मी ओरडून विचारायचे, “हात?” आणि भैरूने उत्तर द्यायचे, “भाईर!” उत्तर आल्यावाचून मी खटक्याला हात लावत नसे.

शनिवारी दुपारी भैरू एकटा येई आणि घाण्याचे उखळ साफ करी. कोपरापर्यंत हात आत घालून लाटेखाली, म्हणजे दाणे चिरडणाऱ्या ओंडक्याखाली, घट्ट बसलेली पेंड खरवडून काढी. नोकरालाही त्या दिवशी विसावा द्यावा अशी आज्ञा आहे. पण भैरू आपल्या मर्जीने येतो, मी कुठे बोलावतो, अशी सोयीची समजूत मी करून घेतली होती. आज्ञा कडेकडेने कुरतडायची सवय मला आधीपासूनच होती, असे आता दिसते. इतर दिवशी उखळात हात घालताना भैरू मोटरचा पट्टा उतरवून ठेवी. शनिवारी तो पट्टा तसाच ठेवी. मी एकदा रागावलो तर म्हणाला, “आज कशापायी उतरवायचा, मालक? आज तुमचा देव राखणीला हाय.” हे त्याचे बोलणे मी सिनेगॉगमध्ये चार लोकांना कौतुकाने सांगितले होते.

सन १९५१ ची दिवाळी तोंडावर आली होती. पिंपरीच्या निर्वासित कॅम्पातल्या एका व्यापाऱ्याला रविवारी सकाळी तेलाचे डबे हवे होते. गुरुवारी मोटर जळाली, ती नव्या तारा भरून आली शुक्रवारी दिवेलागणीला. तेल डब्यात भरण्याआधी अठरा तास निवळू द्यावे लागते, शनिवारचा सूर्य बुडेपर्यंत थांबलो असतो तर रविवारची सकाळ हुकली असती. व्यापारी म्हणाला, तुमच्याने होत नसेल तर चाकणला ज्योतीरामकडे जातो. लोभ म्हणावा तर तो तितका मोठा नव्हता. ज्योतीरामकडे गिऱ्हाईक जाऊ द्यायचे नाही, एवढीच खुमखुमी. इतक्या थोडक्यासाठी माणूस जन्माचा नेम मोडतो, हे मी दुसऱ्याचे ऐकले असते तर मला खरे वाटले नसते.

ता. २० ऑक्टोबर, शनिवार, दुपारी जेवणानंतर मी खोलीत गेलो. तासाभराचे तर काम, असे मनाशी म्हटले. बायको रिबकाबाई पलीकडे घरात आडवी झाली होती. नेमाप्रमाणे हाक दिली असती तर ती तिला ऐकू गेली असती आणि शनिवारी मी घाणा लावतो आहे हे तिला कळले असते. मोटरची घरघर झोपेत कळणार नाही, पण हाक कळेल, असे वाटून मी हाक दिली नाही. खटका दाबला.

भैरू आत आहे हे मला माहीत नव्हते, असे लिहायला घेतले होते. ती ओळ वर खोडलेली दिसेल. शनिवारी दुपारी भैरू कुठे असतो हे मला माहीत नसेल तर कोणाला असेल? मी त्याचा विचार केला नाही. विचार केला असता तर हाक द्यावी लागली असती.

त्याचा आवाज ऐकून मी खटका बंद केला. पुण्याच्या दवाखान्यात त्याचा उजवा हात कोपराच्या वरून काढला.

कलम ४. इथवर जे झाले त्याला चूक म्हणता येईल. पुढचे चूक नव्हे.

भैरूच्या ओरडण्याने रस्त्यावरची माणसे धावत आली. त्यांत मोशीचे पोलीस पाटील उद्धवराव होते. त्यांनी विचारले, “मोटर कुणी चालू केली?” माझ्या तोंडून निघाले, “आज शनिवार. शनिवारी मी खटक्याला शिवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.”

भैरूने लावली असे मी म्हटले नाही. भैरू चोर आहे असेही म्हटले नाही. मी फक्त एक जुनी खरी गोष्ट खोट्या जागी ठेवली आणि बाकीचे लोकांनी आपणच जुळवून घेतले. मालक देवाच्या दिवशी घरात. भैरूने संधी साधून मोटर लावली. दिवाळीला चोरून तेल काढत होता. घाईत हात गेला. सगळे अगदी चपखल बसले.

भैरू दवाखान्यातून आल्यावर मोशीच्या चावडीवर बैठक झाली. मलाही बोलावले. भैरू उरलेला दंड फडक्यात बांधून उभा होता. तो म्हणाला, “पाटील, मोटर मालकानं लावली. मी आत व्हतो. त्यांनी हाक दिली न्हाई.”

उद्धवराव म्हणाले, “तोंड सांभाळ, भैरू. ह्यो मानूस शनवारी चुलीला काडी लावत न्हाई, आन् तू म्हनतो मोटर लावली?”

लोक हसले. भैरूची आई मंजुळाबाई खांबापाशी बसली होती. ती उठून म्हणाली, “आरं, खरं बोल की रं. हात ग्येला, आता लाज तरी राख.” भैरू तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली. माझी खाली गेलेली मान बघून लोकांना वाटले, नोकराच्या कृतघ्नपणाने म्हाताऱ्याला वाईट वाटते आहे.

शनिवारी सरपण गोळा करणाऱ्याला शास्त्रात निदान त्याचे दगड मिळाले. मला मान मिळाला. भैरूला पोलिसांत देऊ नका असे मी म्हणालो, तर साऱ्या चावडीने माझ्या मोठ्या मनाची वाहवा केली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती अशी देतात. बत्तीस वर्षांचा भैरू त्या दिवसापासून तेलचोर भैरू झाला. कोणी कामाला ठेवीना. सध्या तो दुसऱ्याच्या मळ्यात पाखरे राखतो. त्याची बायको सोजराबाई पिंपरीला इमारतींच्या कामावर पाट्या वाहते. त्यांना मूलबाळ नाही.

माझी पुण्याई भैरूच्या विरुद्ध उभी राहिली. मी ज्योतीरामासारखा सातही दिवस गिरणी चालवणारा असतो, तर त्या दिवशी चावडीने भैरूचे ऐकले असते. ही गोष्ट माझ्या ध्यानात त्याच बैठकीत आली होती. मी गप्प बसलो.

कलम ५. दोन बायकांविषयी.

बैठकीनंतरच्या शनिवारी मंजुळाबाई माझ्या दारात आली. आमच्यात शनिवारी विस्तव पेटवत नाहीत, शेजारचे कोणी येऊन पेटवून देते. ती म्हणाली, “दादा, आजपासून तुमच्या चुलीला काडी मी लावीन. पोरानं तुमच्या देवाचा दिस बाटवला. माझ्या हातनं तेवढी सेवा घ्या.” मोशीहून आमचे घर तिला तासाभराची चाल. नको म्हणायला माझे तोंड उघडले होते. पण नको म्हटले असते तर का नको ते सांगावे लागले असते. ती सन १९५५ च्या चैत्रापर्यंत, मरेपर्यंत, दर शनिवारी आली. मी तिने पेटवलेल्या चुलीवरचा चहा प्यालो. हे लिहिताना माझीच मला किळस येते.

रिबकाबाईला सगळे ठाऊक होते. हाक ऐकू आली नव्हती, पण मोटर ऐकू आली होती. तिने मला काही विचारले नाही. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी तिने शब्बाथचे, म्हणजे आमच्या शनिवारचे, दिवे घासून ठेवले आणि लावलेच नाहीत. मी विचारले तर म्हणाली, “अहो, दिवा कशाला? उद्या शनिवार कोणाकडे आहे?” ती तीन वर्षांनी गेली. तिने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मला वाटायचे ती माझी अब्रू सांभाळते आहे. आता वाटते, मी सांगेन म्हणून ती वाट बघत होती.

कलम ६. चिरंजीव शालोम यास. तू मुंबईहून इस्राएलला जायची तयारी करतो आहेस. तुझ्या पत्रात लिहितोस की बाबा, तुमच्यासारखे शब्बाथ पाळणारे तिथेही थोडेच असतील. ती पत्रे मी ट्रंकेत ठेवली आहेत. ती परत घेऊन जा.

लहानपणी तू विचारायचास, आज्ञा मोडली की देव काय करतो? मी तुला जमीन दुभंगल्याच्या आणि आग पडल्याच्या गोष्टी सांगायचो. मी आज्ञा मोडली आणि माझ्यावर काही पडले नाही. माझ्या मोठ्या मनाची कीर्ती ऐकून तो व्यापारीही माझाच राहिला. पिंपरीत कारखाना आला, वस्ती वाढली, गिरणीला दुसरी मोटर घ्यावी लागली. पहिले वर्षभर मी छपराकडे बघत झोपत असे, आता पडेल, मग पडेल. शेवटी मला समजले की जे पडायचे ते पडून गेले आहे, फक्त माझ्यावर पडलेले नाही. राजा दावीदाने मना असताना लोकांची मोजदाद केली, तर साथ लोकांत आली. तेव्हा तो देवापुढे रडला की चुकलो मी, या मेंढरांनी काय केले? मी तेवढेही बोललो नाही. मेंढरू स्वतःच्या तोंडाने सांगत होते आणि मी मान खाली घालून बसलो होतो.

म्हणून गिरणी, तिच्या दोन मोटरी, घाणा, इमारत आणि खालची जागा, हे सर्व मी मोशीच्या भैरूला देतो. शालोमने हरकत घेऊ नये. राहते घर शालोमला.

कलम ७. माझ्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांच्या आत लक्ष्मणराव वकिलांनी हे मृत्युपत्र मोशीच्या चावडीवर मोठ्याने वाचावे. कलम ३ व ४ दोनदा वाचावीत. तोपर्यंत हा कागद बंद पाकिटात वकिलांकडे राहावा. साक्षीला पुण्याचे दोन सभ्य गृहस्थ घ्यावेत. साक्षीदाराने सही पाहायची असते, आतला मजकूर वाचायची गरज नसते, असे वकील म्हणाले तेव्हा मला हायसे वाटले. तसे वाटल्याचीही मला लाज वाटते.

पुरवणी, त्याच कागदाला जोडून

वर लिहिलेले सही करण्यासाठी तयार होते. लक्ष्मणरावांनी वाचून विचारले, “भैरू कोण? बापाचं नाव, आडनाव काय? नुसतं भैरू लिहून गिरणी कोणाला मिळायची नाही.” मला सांगता येईना. बारा वर्षे तो माझ्याकडे होता, त्याची आई साडेतीन वर्षे माझी चूल पेटवत होती, आणि मला त्यांचे आडनाव माहीत नव्हते. वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितले.

आज रविवार. सकाळी वकिलांना घेऊन टांग्याने मोशीला गेलो. भैरू ओसरीवर बसला होता. साडेपाच वर्षांत मी प्रथमच त्याच्या दारात उभा होतो. मी म्हणालो, “भैरू, तुझ्या वडलांचं नाव काय?”

“कशापायी?”

“एका कागदावर लिहायचं आहे.”

“कसला कागद? वाचा.”

वकील म्हणाले, आत्ता वाचायची जरूर नाही, तुमच्या फायद्याचाच आहे. भैरू म्हणाला, “वाचा म्हन्तो.” कलम ३ पासून मी वाचायला लागलो. आतून सोजराबाई आली आणि दाराला टेकून उभी राहिली. मंजुळाबाईच्या ओळींशी मी थांबलो. वकिलांनी कागद घ्यायला हात पुढे केला तर भैरू म्हणाला, “न्हाई. त्यांनीच वाचायचं.” मी शेवटपर्यंत वाचले.

सोजराबाई म्हणाली, “आत्याबाई तुमच्याकडं यायच्या, त्या दिशी अन्नाला शिवत न्हवत्या. पोरानं देवाच्या दिशी चोरी केली म्हनून उपास धरला व्हता तुमच्या देवाचा.”

शनिवारी मी तिला भाकरी देऊ करायचो. ती म्हणायची, जेवून आले, दादा.

भैरू म्हणाला, “मरताना मला म्हनली, भैरू, आता तरी खरं सांग. मी म्हनलं, आये, खरंच सांगतुया. तिनं भितीकडं तोंड केलं.”

मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्याने पाय मागे घेतले. म्हणाला, “ह्ये चावडीवर कवा वाचनार?” वकिलांनी सांगितले की यांच्या मृत्यूनंतर. तो म्हणाला, “म्हंजी आई मेली, मग ह्ये मरनार, मग मी खरा. आन् सही कुनाची?” पुण्याच्या दोघांची, असे वकील म्हणाले.

“त्यांना काय ठावं? साक्ष माझी घ्या.”

लक्ष्मणरावांनी त्याला नीट समजावले. कायद्याप्रमाणे, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्यानेच साक्ष घातली तर मृत्युपत्र टिकते, पण त्याला आणि त्याच्या बायकोला दिलेले रद्द होते. “अंगठा लावलात की गिरणी गेली. साक्षीदार कोणीही मिळेल, भैरू. गिरणी पुन्हा मिळणार नाही.”

भैरूने सोजराबाईकडे पाहिले. पाट्या वाहून तिच्या टाळूवरचे केस गेले आहेत. मला मनातून वाटत होते की ती नको म्हणेल. नको म्हणावे असेच वाटत होते, कारण गिरणी देऊन मी सुटणार होतो. ती म्हणाली, “मला काय इचारताय? लावा की.”

शौल राजाने सारे मारून टाकायची आज्ञा मोडून शत्रूची चांगली चांगली मेंढरे मागे ठेवली आणि म्हणाला, देवाला वाहण्यासाठी ठेवली आहेत. देवाने ती घेतली नाहीत. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे आणि पन्नास वेळा सांगितली आहे. भैरूच्या ओसरीवर ती मला समजली.

भैरू म्हणाला, “दुसरी साक्ष उद्धवराव पाटलाची. त्यांनी आयकून सही करायची.” दुपारी आम्ही चावडीवर गेलो. पंचवीसएक माणसे जमली. मी सगळे मोठ्याने वाचले, कलम ३ व ४ दोनदा. तिथे मला कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर सोपे गेले असते. उद्धवराव खूप वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “झिराडकर, मी निवाडा भैरूच्या बोलण्यावर केला न्हवता. तुमच्या गप बसन्यावर केला व्हता.” त्यांनी सरकून भैरूला आपल्या घोंगडीवर जागा दिली. भैरू उभाच राहिला.

तेव्हा कलम ६ मधील गिरणीचे दान आता कायद्याने निष्फळ झाले आहे. मी ते खोडत नाही, तसेच राहू द्यावे. कलम ७ मधील काम आज माझ्याच तोंडाने झाले. गिरणी शालोमकडे जाईल. शालोम, तिचे काय करावे ही आज्ञा द्यायचा हक्क मला राहिलेला नाही. काय ठरवायचे ते तू ठरव, पण त्याआधी एकदा मोशीला जाऊन ये. भैरूच्या वडिलांचे नाव मालोजी आणि आडनाव बनकर, हे तुला ठाऊक असावे म्हणून लिहितो.

हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचून, कबूल करून, त्यांच्या देखत खाली सही केली. त्यांनी माझ्या देखत आपली साक्ष घातली.

ठिकाण: चावडी, मोशी, तालुका हवेली
तारीख: १७ मार्च १९५७, रविवार

(सही) हसाजी मुसाजी झिराडकर

साक्षीदार दुसरे: (सही) उद्धवराव, पोलीस पाटील, मोशी. मजकूर पुरा ऐकला. सन १९५१ चा माझा निवाडा चुकीचा होता.

साक्षीदार पहिले: डाव्या हाताचा अंगठा, भैरू मालोजी बनकर, राहणार मोशी. त्यांनी सांगितले ते लक्ष्मणराव वकील यांनी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले, ते असे:

मोटर मालकानं लावली. मी आत व्हतो. त्यांनी हाक दिली न्हाई. मी तवाबी ह्येच सांगितलं व्हतं.